सातवं प्रकरण आणि हॉलमधलं बटण

हॉलमध्ये दोन यंत्रं शेजारी शेजारी घरघरत होती आणि सूनबाईच्या छातीत त्याहून जास्त धडधडत होतं. आज निकाल! दोन वर्षं जिवापाड जपून केलेलं काम साहेब एक तर उचलून घेणार, नाहीतर केराच्या टोपलीत टाकणार. आणि टोपलीत गेलं तर जिंकणार कोण? तर नवरा! म्हणजे हरायचं ते हरायचं, वर रोज जेवताना त्याचं तोंडही बघायचं.

दोघं एकाच कंपनीत, एकाच कामावर. वीज गेली तरी काही विसरत नाही अशी नवी मेमरी आली होती आणि तिच्यात फायली कशा लिहायच्या यावरून दोघांची जुंपली होती. नवऱ्याचा खाक्या सरळ होता. जुन्या मजकुरावरच, जो तुकडा आधी हाती येईल तिथे, नवा लिहायचा आणि मोकळं व्हायचं. वेग असला भन्नाट की बघत राहावं! सूनबाईचं म्हणणं, आधी नवं सगळं बाजूला नीट लिहा, ते पुरं झालं की मगच जुन्याचा पत्ता काढून नव्याचा लावा. यात वेळ जास्त लागे, पण मध्येच वीज गेली तर जुनं तरी अख्खं हाती राही.

"तुझी गोगलगाय पोचेपर्यंत आमचा दुसरा फेरा होईल," नवरा म्हणाला.

"आणि तुझी गाडी वाटेत आडवी झाली म्हणजे?"

"अगं, हल्ली वीज जाते कुठे?"

ऑफिसात रंगकाम निघालं होतं, म्हणून शर्यत घरीच ठरली. फाईल मात्र खरीखुरी हवी होती, आणि ती घरातच तयार होती. सासूबाई वर्षभर आत्मचरित्र टाइप करत होत्या. छापून येईपर्यंत कुणी वाचायचं नाही, अशी त्यांची सक्त ताकीद होती. ते न वाचताच नवऱ्याने महिन्यापूर्वी दोन्ही यंत्रांवर चढवून ठेवलं होतं. आज सकाळी सासूबाईंनी त्याच्या हातात नवी प्रत दिली.

"सातवं प्रकरण बदललंय रे. वाक्य न् वाक्य! जुन्यावर हे चढव. जुनं कुणाच्या नजरेला पडता कामा नये."

"चढवतो की! साहेबांच्या समोरच चढवतो," नवरा म्हणाला आणि सोबत घरातले झाडून सगळे फोटो त्याने जोडून दिले, म्हणजे शर्यत जरा रंगेल.

आता सासूबाईंचं एक व्यसन सांगायलाच हवं. बटण बंद करणं! रिकाम्या खोलीत काही चालू दिसलं की त्यांचा हात शिवशिवायचा. लेक दाढीला बसला की गीझर बंद. सून पाणी प्यायला उठली की तिच्या टेबलावरचा दिवा बंद. म्हणून सूनबाईने हॉलमधल्या बोर्डावर 'हात लावू नये' असा कागद चिकटवला होता. साहेबांची गाडी दारात आली तसा नवऱ्याने तो ओरबाडून काढला.

"साहेबांना वाटेल, आपला आपल्याच कामावर भरवसा नाही."

"माझा आहे. तुझ्यावर नाही," सूनबाई म्हणाली, पण तोवर बेल वाजली होती.

फाईल कुठली, त्यात सातवं प्रकरण कसं बदललंय ते नवऱ्याने साहेबांना सांगितलं आणि शर्यत सुरू झाली. नवऱ्याचं यंत्र सुसाट सुटलं. "वा, काय पळतंय!" साहेब खुर्चीवरून अर्धे उठले. सूनबाईच्या यंत्राकडे त्यांनी एकदाच पाहिलं आणि घड्याळात पाहिलं. संपलं, तिच्या मनात आलं, दोन वर्षं पाण्यात. एवढ्यात आतून हाक आली, "चहा गार होतोय!" सगळे स्वयंपाकघरात गेले. एक खुर्ची कमी पडली. ती आणायला सासूबाई हॉलमध्ये गेल्या.

टक्!

घरघर थांबली. सासूबाई खुर्ची घेऊन आल्या. "बसा हो निवांत. माणसं इथे आणि ती धूडं तिकडे वीज खातायत! मी बंद केली."

"आई!" दोघं एकदमच किंचाळली. नवरा बोर्डाकडे धावला, पण साहेबांनी त्याचा दंड धरला. त्यांचे डोळे चमकत होते.

"अहो, यापेक्षा चांगली परीक्षा आपण घेतलीच नसती! चालू करा. आणि ते बदललेलं सातवं प्रकरण उघडा."

"सातवं कशाला?" सासूबाई घाबरल्या. "दुसरं वाचा ना. माझ्या शाळेचं आहे, फार छान जमलंय!"

कोण ऐकतं? सूनबाईच्या यंत्रावर पान उघडलं आणि साहेब मोठ्याने वाचू लागले. "'सून आली ती नऊ वाजता उठणारी. तिचा चहा म्हणजे गरम पाण्याला रंग दाखवलेला. बोलायला लागली की समोरच्याला श्वास घेऊ देत नाही...'"

"अगं बाई, हे तर जुनंच आलं!" म्हणत सासूबाईंनी पदरात तोंड लपवलं. सूनबाईने मात्र जागच्या जागी उडी मारली!

"जुनं! अख्खं जुनं! साहेब, थांबू नका, पुढे वाचा! आई, 'भाजीत मीठ घालायचं विसरते' हेही आहे! एक अक्षर हललेलं नाही!"

मग नवऱ्याचं यंत्र उघडलं. साहेब वाचता वाचता अडखळले. "'सून आली ती नऊ वाजता उठणारी. मी दवाखान्यात होते तेव्हा उशाशी बसून राहिली. तिचा चहा म्हणजे गरम पाण्याला रंग दाखवलेला. तिच्यावाचून आता घर सुनं वाटतं.' हे काय हो? अर्धं जुनं, अर्धं नवं! सगळी भेसळ!"

नवऱ्याने मान खाली घातली. "सूनबाईंचंच घ्यायचं," साहेब म्हणाले आणि हात मिळवून निघूनही गेले. सूनबाईने आनंदाच्या भरात सासूबाईंनाच मिठी मारली.

"मी रागात होते गं तेव्हा," सासूबाई पुटपुटल्या.

"आई, आणखी चार ओळी लिहायच्या होत्यात! काय शोभल्या असत्या!"

नवरा मुकाट्याने आपलं पान पुसायला गेला. "थांब रे," सासूबाई म्हणाल्या. चष्मा चढवून त्यांनी ते पान दोनदा वाचलं. "हे कुणी लिहिलं?"

"कुणी नाही. बिघडलंय ते."

"बिघडलंय कसलं! जुनं फार लागट झालं होतं. म्हणून नवं लिहिलं, तर ती कुणाचीही सून वाटायला लागली. ही बघ, ही अगदी आपली आहे. हेच छापायचं!"

सूनबाईने ते पान वाचलं. उशाशी बसल्याच्या वाक्यावर तिने बोट ठेवलं. मग म्हणाली, "नऊ नाही. साडेआठ. तेवढं सुधारा."

सासूबाई खुर्ची ओढून बसल्या आणि जुन्या शब्दावरच नवा शब्द लिहायला लागल्या.

"बघितलंस? जागच्या जागी!" नवरा खूश होऊन ओरडला.

सासूबाईंचं लिहून होईपर्यंत सूनबाई बोर्डापाशी बटणावर तळहात झाकून उभी होती.