सरपंच चालू हाय का?

यंदाच्या २६ जानेवारीला, झेंडावंदनानंतर जिलबी वाटता वाटता, डोळखांबच्या आमच्या वाचनालयाच्या कमिटीनं दामूकाकांवर अन्याय केला. वाचनालयाची टेलिफोन लाइन तोडायची, तिथले तीन जुने कंप्युटर भंगारात काढायचे, असा ठराव झाला. दामूकाकांना कुणी विचारलंसुद्धा नाही. म्हणून हे लिहिते आहे.

दामूकाका धरणाच्या ऑफिसातून रिटायर झालेले. राहतात वरच्या पाड्यावर, एकटे. तिथे मोबाइलला रेंज नाही, पण काकांकडे नोकरीच्या काळातला फोन आहे आणि त्याला जोडलेला कंप्युटर. रोज संध्याकाळी ते डायल-अपनं, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरूनच, वाचनालयाच्या कंप्युटरांना जोडून घेतात. हो, आजच्या काळात डायल-अप! हसून घ्या. मोडेम कसा ओरडतो ते काका तोंडानं करून दाखवतात. पाड्यातली कुत्री साथ देतात. वाचनालयातल्या तिघांना त्यांनी नावंही दिलीत: नाचणी, वरई, खुरासणी.

जोडणी होते, पण तिघांची नावं पडद्यावर उमटतीलच असं नाही. "जोडलंय गो, पण शेजार दिसत नाय," हे काकांचं पालुपद. मग तिकडचे कंप्युटर चालू आहेत का, हे कुणाला तरी विचारायला हवं. विचारायला फोन हवा, आणि फोनवर तर जोडणी बसलेली! म्हणून जोडणी तोडा, फोन करा, विचारा, पुन्हा जोडा. पुन्हा शेजार गायब. वाचनालयात बसून मी हा खेळ वर्षभर खेळले आहे.

कारणं काकांकडे तयार. "तिघांत निवडणूक होते गो. जिंकंल तो सरपंच. सगल्यांची नावं त्याच्याकडं. त्यालाच कुनी बंद केला, तर नावं सांगनार कोन?" ही थापच, असं मला वाटायचं. चौकशी केली तर खरी निघाली. उपाय मात्र काकांचे हमखास चुकायचे: मोडेमला पुठ्ठ्यानं वारा घालायचा, वायरीच्या टोकाला खोबरेल लावायचं.

घात झाला तो या सरपंचापायी. दिवाळीनंतर एका संध्याकाळी काकांचा फोन आला आणि तो उचलला गावाच्या खऱ्या सरपंचांनी. कमिटीचे अध्यक्ष तेच.

"सरपंच चालू हाय का?" काकांनी विचारलं.

"कोण बोलतंय?"

"ते ऱ्हाऊ दे. त्याला बंद करा नि परत उठवा. लय डोकं खातो. नायच ऐकला तर काढून टाकू, नाचणीला बसवू."

फोन आपटला. मी परोपरीनं समजावलं. सरपंच एकच धरून बसले: "मला चालू म्हनतो? आनि माझ्या जागी नाचणी?" त्यांनीच पुढे हा ठराव मांडला.

ठरावानंतर निषेधाचं पत्रक घेऊन मी तणतणत पाड्यावर गेले. माणसं वीटभट्ट्यांवर गेलेली. काही दारांना कुलपं, काहींना नुसती काट्याची फांदी आडवी. उघडं दार एकच. आत काका पडद्यासमोर बसले होते.

"काका, इथे सही करा."

"थांब गो." पडद्यावर 'वरई' उमटली. काकांनी खुर्ची पुढे ओढली. "आला कोनतरी."

"कोण?"

"काय म्हाईत. कोन का असंना, बसलाय ना."

"मग उघडा की. काय करतोय बघू."

"दुसऱ्याच्या घरात कशाला घुसायचा? दिवा दिसला, बास."

वर्षभरात त्यांनी तिथली एकही फाइल उघडलेली नाही. आणि पाड्यातली ती दारं आता पावसाळ्याच्या तोंडालाच उघडणार.

लाइन अजून तोडलेली नाही; येत्या रविवारी कमिटीची बैठक आहे. या, आणि ठरावाविरुद्ध सरपंचांच्या तोंडावर हात वर करा. पण रविवारची वाट बघू नका. आज संध्याकाळीच वाचनालयात जा. कुठल्याही एका कंप्युटरचं बटण दाबा आणि थोडा वेळ तिथे बसून राहा.