पुढच्या टप्प्यातल्या लोखंडे बाई

लोखंडे बाई प्रशिक्षणात रडायच्या. भोकाड पसरून, नाक ओढत, ‘मला आईकडं जायचंय’ म्हणून. निवृत्तीला टेकलेलं वय, जाड भिंगाचा चष्मा, सगळी नोकरी दुसरीच्या वर्गावर झालेली. मागच्या मे महिन्यात त्या निवृत्त झाल्या आणि पावसाळ्यात वारल्या. तेव्हापासून आमच्या भागातल्या प्रशिक्षणांत कोणी रडत नाही. सगळं वेळेवर सुरू होतं आणि कोणाच्याही डोक्यात काही न शिरता वेळेवर संपतं.

प्राथमिक शिक्षकांचं प्रशिक्षण ज्यांना ठाऊक नाही ते सुखी लोक. त्यांच्यासाठी सांगतो. हडपसरच्या एखाद्या शाळेत आम्ही शिक्षक मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसतो. पुढे तज्ज्ञ असतात. ते पडद्यावर अक्षरं दाखवतात आणि तीच वाचून दाखवतात. आम्हाला वाचता येतं याची त्यांना खात्री नसावी. जेवणानंतर पेंग येऊ नये म्हणून टाळ्या. थेंबांसारखी सुरू होऊन वाढत जाणारी पावसाची टाळी, हात वर उडवायची रॉकेटची टाळी. मग नमुना पाठ. त्यात तज्ज्ञ शिक्षक होतात आणि आम्ही दुसरीतली मुलं. ही मुलं काय गुणी असतात म्हणून सांगू! सगळी हात वर करतात, एका सुरात बरोबर उत्तर देतात. पाठ यशस्वी होतो, फोटो निघतो.

लोखंडे बाई मात्र मूल व्हायच्या म्हणजे मूलच व्हायच्या. मणी मोजण्याचा पाठ रंगात आला की माझ्याकडे बोट दाखवून, “सर, ह्यानं माझी पेन्सिल घेतली.” मग, “सर, जेवायची सुट्टी कधी हाय?” एकदा त्यांनी मणी नाकात गेल्याचं जाहीर केलं. तज्ज्ञ घाबरून पाण्याची बाटली घेऊन धावले.

“नाकात पाणी वतनार का, सर?” बाईंनी त्याच बालसुरात विचारलं.

तज्ज्ञांना त्या आवडत नसत हे सांगायला नको.

मी त्यांच्याच शाळेत चौथीला शिकवतो. मुळात अबोल. प्रशिक्षणाला जाताना पिशवीत पुस्तक न्यायचं आणि बाकाखाली धरून वाचायचं, एवढंच माझं बंड. “अहो सर, मिटा ते,” बाई शेजारून कुजबुजायच्या. “इथे वाचणारा माणूस दिसला तर वाईट पायंडा पडेल.” मोबाईलवरून प्रशिक्षण सुरू झालं तेव्हा त्या चित्रफीत लावून फोन कुकरशेजारी ठेवायच्या. प्रमाणपत्र आलं. “खरं तर कुकरच्या नावानं हवं होतं,” म्हणाल्या. “सगळं त्यानंच ऐकलं. शिट्ट्याही योग्य जागी दिल्या.”

त्यांचं लाडकं वाक्य होतं, ‘ते पुढच्या टप्प्यात.’ मूळचं तज्ज्ञांचं. अडचणीचा प्रश्न आला की तज्ज्ञ म्हणत, “छान प्रश्न! ते पुढच्या टप्प्यात.” पुढचा टप्पा उजाडेपर्यंत विषयच बदललेला असे. बाईंनी ते उचललं आणि आयुष्यभर वापरलं. शाळेचा नळ कधी दुरुस्त होणार? पुढच्या टप्प्यात. एकट्या राहता, लेकीकडे का जात नाही? पुढच्या टप्प्यात.

त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी वर्गात राणी आली. आईबाप वाघोलीकडून आलेले, आता शाळेजवळच्या एका इमारतीच्या बांधकामावर. राणी जूनमध्ये आली ती गप्प. दिवाळी सरली तरी तिच्या तोंडून शब्द नाही. बाईंनी आईला बोलावून घेतलं.

“घरी लई बडबडती की, बाई,” आई म्हणाली. “गप बस म्हणून वरडावं लागतं.”

ती गेल्यावर बाई बराच वेळ फळा पुसत राहिल्या. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

“म्हणजे तिला बोलता येतं, सर. मला बोलवता येत नाही,” त्या म्हणाल्या. “मे महिन्यात मी घरी बसणार. त्याआधी हिचा आवाज ऐकायचाय. बाकी काही राहिलं नाही माझं.”

जानेवारीत प्रशिक्षण लागलं. विषय, ‘आनंददायी संवाद’. नमुना पाठ सुरू झाला आणि या खेपेला बाई रडल्या नाहीत. शेवटच्या बाकावर भिंतीला चिकटून बसल्या.

“तुझं नाव काय, बाळा?” तज्ज्ञ मॅडमनी विचारलं.

बाई गप्प. मॅडमनी चॉकलेट पुढे केलं. गप्प. “हिच्यासाठी एक पावसाची टाळी!” सगळे बडवू लागले. बाई आणखी आक्रसल्या, पदराचं टोक त्यांनी तोंडात धरलं. लोक खिदळायला लागले.

“अहो बाई, वयाला शोभेल असं वागा,” आमच्या शाळांवर देखरेख करणारे केंद्रप्रमुख मागून ओरडले. “पुरे झालं नाटक.”

मी त्या पदराकडे पाहत होतो. राणी फ्रॉकची कॉलर अशीच चघळायची. आणि मग बाई मागच्या प्रशिक्षणांत झाल्या ती मुलंही आठवली. नाकात मणी घालणारा, पेन्सिलीवरून भांडणारा, आईसाठी रडणारी. ती सगळी बाईंच्या वर्गातली खरी मुलं होती, त्या त्या वर्षी त्यांना दाद न देणारी. इतकी वर्षं आम्ही जिला टिंगल समजत होतो ती टिंगल नव्हती. आजारी मूल दवाखान्यात न्यावं तशी बाई त्यांना तज्ज्ञांपुढे आणत होत्या.

बाई उभ्या राहिल्या. आवाज त्यांचा स्वतःचा होता. “मॅडम, चेष्टा करत नाही. अशी मुलगी आहे माझ्याकडे. चॉकलेट देऊन झालं, टाळ्या वाजवून झाल्या. आता काय करू?”

मॅडमनी घड्याळ पाहिलं. “खूप छान मुद्दा, बाई. तो पुढच्या टप्प्यात आहे.”

“पुढच्या टप्प्यात मी नसते, मॅडम,” बाई म्हणाल्या आणि खाली बसल्या. त्यानंतर चहा आला.

दुसऱ्या दिवशी मी खडू मागायला दुसरीच्या वर्गात गेलो. खुर्ची रिकामी होती. मुलं आपापलं गिरवत होती आणि बाई पार मागे, सतरंजीवर, राणीच्या शेजारी मांडी घालून बसल्या होत्या. पदराचं टोक तोंडात, मांडीवर पाटी. पाटीवर बेरीज मांडलेली, उत्तराची जागा कोरी. कालचाच पाठ चालू होता, फक्त तज्ज्ञ नव्हते. राणीकडे त्या बघतसुद्धा नव्हत्या.

राणीनं पाटीत डोकावून पाहिलं. थोड्या वेळानं पुन्हा पाहिलं. मग सरकत जवळ आली.

“तुला बी येत न्हाय?”

बाईंनी मान हलवली. नाही.

“आन हिकडं,” राणी म्हणाली. “आदी बोटं काढायची.”

बाईंनी दोन्ही हात पुढे केले आणि राणी त्यांची बोटं धरून मोजायला लागली, मोठ्यानं, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं. बाईंचा चष्मा धुरकट झाला होता. पण पुसायला हात मोकळे नव्हते.