द्रुतमार्गीं वऱ्हाड चुकलें त्याची हकीकत

श्रीगणेशास नमन करोन, वाटेवरील समस्त दैवतांस हात जोडोन, जैसें कळलें तैसें लिहितों. शके १९४०, विलंबी नाम संवत्सरे, वैशाख मासीं या राज्यीं वर्तमान जाहलें ऐसें जे, थोरलें शहर व धाकटें शहर यांमधील जुने रस्त्यावर गाड्यांची दाटी बहुत होऊं लागली, आणि सरकारांनी मनावर घेतलें, आणि डोंगर फोडोन, ओढ्यांवर पूल घालोन रुंद द्रुतमार्ग बांधविला, आणि गुरें मध्यें न यावीं म्हणोन दोहीं बाजूंस तारेची जाळी उभारिली. मग दिवसाची वाट घटकाभराची जाहली. रयत संतोष पावली.

ते समयीं मार्गालगत चिंचखोरें गांवीं कोंडाजी भोईटे यांची कन्या सारजाबाई, इचें लग्न थोरले शहरींचे हैबतराव काळोखे यांसी नेमलें होतें. वराचे मामा तात्याबा बोलिले कीं नवे मार्गेंच जावें, आणि वऱ्हाड निघालें, आणि पाहतां पाहतां चिंचखोरें आलें. उजवे हातीं मांडव दिसला, सनई ऐकूं आली, परंतु उतरावयास वाट कोठेंच नाहीं, आणि गाड्या पुढें गेल्या. मग धाकटे शहराजवळ उतार लागला. तेथें पुसतां कळलें कीं जुने रस्त्यानें जातां सायंकाळ होईल, मुहूर्त टळेल. मग पलीकडील बाजूस तरी वाट असेल म्हणोन माघारी फिरले, तों चिंचखोरें पुन्हां आलें, या खेपेस डावे हातीं, आणि वाट तेथेंही नाहीं. वऱ्हाडांतील कित्येकांस गांवें दोन भासलीं, आणि कित्येकांस आपण लग्न लावोन माघारी निघालों ऐसें वाटलें.

इकडे गाड्या एकदां न थांबतां गेल्या, आणि आतांही दारावरोन पुढें चालल्या हें कोंडाजींनी पाहिलें, आणि भाऊबंदांत अपमान केला ऐसें समजोन बहुत कष्टी जाहले, आणि फोन लाविला.

"कोठें आहां?"

"तुमचे दारांत," तात्याबा बोलिले.

"मग या."

"येतां येत नाहीं."

कोंडाजींस हें थट्टेचें भाषण वाटलें, आणि लग्न मोडलें म्हणोन सनई बंद करविली. तेव्हां सारजाबाईंनी फोन आपले हातीं घेतला आणि नवरदेवांस पुसिलें, "तुम्हांस यायचें आहे कीं नाहीं, इतकेंच सांगा."

"यायचें आहे. वाट नाहीं."

"मग थांबा. मी येतें."

आणि शालू सांवरोन, ढेकळें तुडवीत ती जाळीपाशीं चढोन आली, आणि मागें भटजी, करवल्या, सारा गांव. हैबतरावांनी गाडी तेथेंच जाळीलगत कडेस लावविली. तों मार्गाचा चौकीदार धांवत आला आणि बोलिला कीं येथें थांबण्याची मनाई आहे. तात्याबांनी पुसिलें कीं लग्नाची मनाई आहे काय. तें त्यास ठाऊक नव्हतें. मग तो वरिष्ठांस फोन लावूं लागला, आणि वरिष्ठांस कांहीं उमगेना, आणि तितक्यांत जाळी असतां अंतरपाट धरावा कीं न धरावा याचा भटजींस घोर पडला, आणि अखेर धरिला. मंगलाष्टकें गाड्यांच्या भोंग्यांत कोणास ऐकूं आलीं नाहींत. वधूनें हार जाळीवरोन टाकिला तो वराचे गळां बसला. वराचा तारेंत अडकला. मग हैबतराव बूट काढोन जाळीवर चढले, हार सोडविला, आणि तैसेच पलीकडे उतरोन वधूचे गळां घातला. कोंडाजींनी जांवयास पोटाशीं धरिलें आणि रडूं लागले. चौकीदारानें तात्याबांस गाड्यांसहित पुढें पिटाळिलें. ते जुने रस्त्यानें पोहोंचले तेव्हां पंगती उठल्या होत्या.

येणेंप्रमाणें लग्न सिद्धीस गेलें. द्रुतमार्ग उत्तम चालला आहे, दाटी हटली, यांत संशय नाहीं. हैबतरावांचा व्यापार दोहीं शहरीं, म्हणोन सारजाबाईंची गाडी चिंचखोऱ्यावरोन वरचेवर जाते. कोंडाजी बांधावर येऊन हात हालवितात, लेक कांचेआडोन हात हालविते, आणि गाडी पुढें जाते. माहेर इतकें जवळ कधींच नव्हतें.