विहिरीतला भासरा

विहिरीतला गाळ काढायला घेतला त्याच्या तिसऱ्या दिवशी, चिखलाच्या टोपल्यात बसून कासव वर आलं. नेमके त्याच वेळी जनावरांचे डॉक्टर संघदीप गोठ्यात गाय तपासत होते. त्यांनी हात धुतले, सहज म्हणून कासव उलटं केलं, पोटावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "नर आहे."

कस्तुराबाईंनी आधी डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि मग विचारलं, "कोण नर हाये?"

"हेच. कासव."

मंगरूळपीरच्या अलीकडं, रस्त्याला लागून त्यांचा भाजीचा मळा. पायऱ्यांची जुनी विहीर. कासव कोणी आणून सोडलं नव्हतं, पाळलंही नव्हतं. ते आपलं असायचं. लग्न होऊन आल्यापासून बत्तीस वर्षं कस्तुराबाई शेवटच्या कोरड्या पायरीवर बसून बाजाराची मेथी धूत आल्या होत्या, आणि कासव शेजारच्या पायरीवर ऊन खात आलं होतं. सासूच्या हातच्या वरणापासून ते नवरा झोपेत कोणाचं नाव घेतो इथपर्यंत सगळं त्यांनी त्याच्या कानी घातलं होतं. बाईनं बाईलाच सांगावं असं त्यात बरंच होतं. मधे न बोलता कोणी इतकं ऐकून घेतं म्हणजे ती बाईच असणार, याबद्दल त्यांना कधी शंका आली नव्हती.

आणि आता हे.

गाळ निघाला, झरे मोकळे झाले, कासव पाण्यात परत गेलं. कस्तुराबाई मात्र मेथी नळावर धुवू लागल्या. पण बोलायची सवय काही नळानं सुटत नाही. बत्तीस वर्षं जे विहिरीत पडत होतं, ते आता नवऱ्याच्या, म्हणजे पुंजाजींच्या ताटात पडू लागलं. तीन दिवसांत पुंजाजींना कळलं की ते घोरतात, त्यांची बहीण फुकटची मिजास करते, आणि कस्तुराबाईंना वांगं मुळीच आवडत नाही. शेवटची गोष्ट ऐकून त्यांचा घास हातातच राहिला. बायकोला आवडतात म्हणून दरसाल दोन ओळी वांगी ते हौसेनं लावत होते.

चौथ्या दिवशी ते मंगरूळपीरला जमशेदभाईंच्या बियाण्याच्या दुकानात जाऊन बसले. जमशेदभाईंनी सगळं शांतपणे ऐकलं.

"भाभी बोलून राह्यली तं आयकून घे नं."

"तीन दिवसांत तीन वर्षांचं आयकलं, जमशेदभाई. अजून एकोनतीस वर्षं बाकी हायेत."

जमशेदभाई विचारात पडले. बियाण्याच्या माणसाला एकच गोष्ट ठाऊक असते: आधी जात. जात चुकली की पुढचं सगळं चुकतं. डॉक्टरनं जमिनीवरच्या कासवाची खूण पाण्यातल्या कासवाला लावली असेल, आधी जात ठरवून घे, असा त्यांचा सल्ला पडला.

डॉक्टर पुन्हा आले. कासव पायरीवरच होतं. डॉक्टरांनी त्याच्या काळ्या पाठीवरचे तीन उभे कणे दाखवले. तळ्यात-विहिरीत राहणारं काळं कासव. याच्यातही नराचं पोट खोलगट आणि शेपटी जाड असते, आणि याचं तसंच आहे. शिवाय हे रानचं जनावर, त्याला पाळायचं नाही, विकायचं नाही, हलवायचं तर मुळीच नाही. मादी आहे असं नुसतं तोंडी सांगता का, म्हणून पुंजाजींनी हळूच विचारून पाहिलं. डॉक्टरांनी कानावर हात ठेवले.

मग पुंजाजींना वयाची युक्ती सुचली. कासव पिकलं पान निघालं, तर म्हाताऱ्यापुढं कसली आली लाज?

"वय किती असन याचं?"

पाठीवरची वर्तुळं झिजून गेली होती. डॉक्टर म्हणाले, आता मोजून सांगता येत नाही, तुम्ही कधीपासून पाहता?

"मी चड्डीत फिरत होतो नं, तवाबी हे एवढंच होतं," पुंजाजी जोरात म्हणाले, वरच्या पायरीवर कस्तुराबाईंना ऐकू जाईल असं.

वर ऐकू गेलं. मग पदराआडून कस्तुराबाई म्हणाल्या, "म्हंजे तुमच्यापरीस मोठे हायेत थे."

संपलं. म्हातारा राहिला बाजूला, नवऱ्याहून मोठा म्हणजे थोरला दीर, भासराच झाला. मराठीत कासव आधीपासून 'ते'च. पण आजपासून त्या 'ते'ला मान आला. कस्तुराबाई विहिरीवर गेल्याच तर आधी खाकरायच्या, भासऱ्यांना सरायला वेळ द्यायच्या, आणि खाली मान घालून बादली भरून परतायच्या. घरात मात्र संसाराची सालं एकामागून एक उघडत होती. पुंजाजी सातव्या सालापर्यंत पोचले होते.

एका संध्याकाळी बादली घेऊन त्या निघाल्या, तर विहिरीतून माणसाचा आवाज आला. त्या कठड्याआड थांबल्या. खाली पायरीवर पुंजाजी बसले होते.

"दादा, तुमी बाप्या मानूस हा, तुमाले समजन. तिच्यासाठीच लावत होतो मी वांगे. एक डाव तरी म्हनाचं होतं नं तिनं. आता कोन्त्या तोंडानं उपटू?"

पुढं त्यांनी आवाज इतका खाली आणला की कान टवकारूनही काही कळेना. बरंच काही सांगून झाल्यावर ते धोतर झटकून, हलके होऊन, गुणगुणत वर आले आणि गोठ्याकडं गेले.

कस्तुराबाई लगबगीनं खाली उतरल्या. खाकरायचं राहूनच गेलं.

"काय म्हनत होते वो?"

कासवानं मान आत घेतली.

"माह्याबद्दलच नं? मी नाई सांगत कोनाले."

पायही आत गेले. दगडावर नुसता दगड ठेवल्यासारखं झालं.

मग हळूहळू कस्तुराबाईंच्या लक्षात आलं. नवऱ्याचं भासऱ्यांनी मला सांगितलं नाही. म्हणजे माझं, बत्तीस वर्षांचं, एवढं एवढं, नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही.

त्यांनी पदर मागं सरकवला, बादली बाजूला ठेवली आणि आपल्या जागेवर मांडी घालून बसल्या.

"आयका तं मंग," त्या म्हणाल्या, आणि वीस दिवसांपूर्वी जिथं थांबल्या होत्या तिथून पुढं सुरू झाल्या.

अंधार पडायला आला तेव्हा वरून पुंजाजींनी चहासाठी हाक मारली. खालून उत्तर आलं, "मोठ्या मानसापाशी बसली हाये मी."

पुंजाजींनी पुन्हा हाक मारली नाही. चूल पेटवून स्वतःच चहा ठेवला, आणि पातेल्यात दोघांपुरतं पाणी टाकलं.