एडक्याचा आकडा

जनावराला मी भीत नाही. अठरा वर्षं पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली, उधळलेल्या बैलाला वेसण घातली, अडलेल्या म्हशीचं रेडकू ओढून काढलं, पालम तालुक्यातल्या कुठल्याही गोठ्यात मी बिनघोर शिरतो. हे मी कुणालाही छातीवर हात ठेवून सांगत असे. गेल्या फेब्रुवारीपर्यंत ते खरंही होतं.

फेब्रुवारीत मी मल्हारीमामांच्या मेंढ्यांना जंताचं औषध पाजायला गेलो. मामा साठीचे, गावाबाहेर माळावर जाळी लावून दीडेकशे मेंढरं राखतात. त्यांचा एक एडका आहे, कळपातला नर, नाव नवाब. शिंगं अशी, की मोटारसायकलचं हँडलच उलटं बसवलंय. औषध पाजून झालं, मामा प्यायचं पाणी आणायला गेले आणि मी बॅगेची चेन लावायला वाकलो. पुढचं मला आठवतं ते थेट मेंढरांच्या पाण्याच्या हौदातलं. चष्मा तळाला, मी वर, आणि काठावर नवाब, जणू अर्जावर सही झाली का बघायला आलेला.

मामांना मी पाय घसरला म्हणून सांगितलं. घरीही तेच. पण त्या दिवसापासून माझं काहीतरी बिघडलं. कुठं "ब्यॅ" ऐकू आलं की हाताला घाम सुटायचा. एकदा एसटीत मागच्या सीटवरच्या बाईच्या पिशवीत कोकरू होतं, तर मी तीन किलोमीटर आधीच उतरून चालत घरी आलो.

मे महिन्यात आदेश निघाला: पावसाळ्याआधी सगळ्या मेंढ्यांना आंत्रविषार या पोटाच्या रोगाची लस, मुदत पंधरा दिवस. यादीत पहिलंच नाव मल्हारीमामांचं. तो कागद वाचून मी जेवलो नाही.

माझी मुलगी अर्पिता परभणीला मानसशास्त्र शिकते. सुट्टीला घरी आली होती. तिनं दोन दिवस माझ्याकडं बघितलं आणि तिसऱ्या दिवशी सगळं माझ्या तोंडून काढून घेतलं. हसली नाही, हे तिचे उपकार.

"पप्पा, भीती शिकलेली असते," ती म्हणाली. "तुमच्या मेंदूनं एका दणक्यात धडा पाठ केला, एडका म्हणजे धडक. आता त्याला दुसरा धडा द्यायचा. एडका आहे, पण धडक नाही. परत परत."

"म्हणजे जुना धडा पुसायचा?"

"तो पुसला जात नाही. नवा त्याच्यावर लिहायचा."

तिनं पद्धत ठरवून दिली. पहिल्या दिवशी रस्त्यावरून एडक्याकडं बघायचं, मग रोज थोडं जवळ जायचं. भीती दहापैकी किती, ते मोठ्यानं म्हणायचं, कारण भीतीला नाव दिलं की मेंदू तिला ताब्यात घेतो. आकडा वहीत लिहायचा, आणि तो खाली उतरल्याशिवाय पळायचं नाही. लक्ष दुसरीकडं जाऊ द्यायचं नाही.

सगळं शास्त्राला धरून होतं. फक्त मल्हारीमामांना सांगायचं राहिलं. सरकारी माणूस एडक्याला भितो, हे त्या माळावर कसं सांगायचं?

पहिल्या दिवशी दुपारी चारला मी रस्त्यावर उभा राहिलो. नवाबनं मान वर केली आणि मी रस्त्याकडेच्या बाभळीला धरलं. वीस मिनिटं थांबलो, मग मोठ्यानं म्हणालो, "नऊ." वहीत लिहिलं. मामा लिंबाखाली बसून बघत होते.

दुसऱ्या दिवशी बांधापर्यंत गेलो. "आठ."

मामा जवळ आले. "सायेब, नवाबकडंच बघायलाव जनू?"

"हो."

"कसंय त्याचं?"

मी नजर हलवली नाही. अर्पितानं बजावलंच होतं. "उतरायलंय," मी म्हणालो. "काल नऊ होतं, आज आठ. रोज एक एक उतरंल."

मामांनी काठी दोन्ही हातांनी धरली. "आन् शेवटाला?"

"शून्य. मग सगळं शांत."

"कायी इलाज न्हाई का?"

"हाच इलाज. आपण नुसतं उभं राहून बघायचं."

मामा कसेतरी मागं सरकले आणि तिथंच जमिनीवर बसले. उन्हानं झालं असेल असं मला वाटलं.

चौथ्या दिवशी नवाबच्या कपाळाला भंडारा आणि गळ्यात झेंडूची माळ दिसली. पुढ्यात भिजवलेली हरभऱ्याची डाळ, गूळ आणि केळी. गंगाखेडकडून मामांची लेक आली होती, ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. काहीतरी कुळाचार असेल. मी जाळीपासून वीस पावलांवर होतो आणि श्वास व्यवस्थित चालला होता. मला भरून आलं.

"सहा," मी म्हणालो, आणि आनंदानं पुढं बोललो, "मामी, लय झ्याक चाललंय."

मामी म्हणजे मामांची बायको, कासाबाई. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी वही मिटून घेतली. मग त्या पदर तोंडाला लावून पलीकडं निघून गेल्या.

पाच झाले, चार झाले. मामा मेंढरं चरायला सोडत नव्हते, कोकरं ओरडत होती. मी विचारायला हवं होतं. पण सगळं ध्यान माझ्या आकड्यावर. दर संध्याकाळी अर्पिता वहीतली रेघ खाली येताना बघून म्हणायची, "पप्पा, मस्त." आयुष्यात पहिल्यांदा मुलीसमोर माझा नंबर चांगला येत होता.

आकडा तीनवर यायचा त्या दिवशी मी पोचलो तर जाळीजवळ टेम्पो उभा. बन्सीधर व्यापारी, जो कटाईची जनावरं नेतो, टेम्पोचा मागचा फळका खाली पाडत होता. पहिली दहा मेंढरं दोरीनं बांधलेली. मामा लिंबाला टेकून बसले होते, डोक्याला मुंडासं नाही.

"मामा, हे काय?"

"न्यायला लावतो समदी," मामा माझ्याकडं न बघता म्हणाले. "तुमी तीन दिवस दिलेत नवाबला. त्याचा रोग बाकीच्यास्नी लागायच्या आत निघू दे. निदान जित्तेपणी जातील."

"मी? दिलेत?"

"नऊ म्हणलात, आठ म्हणलात, रोज एक कमी. आन् वर हसलात बी," कासाबाई पुढं होऊन म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, तेच जास्त लागलं. "पाच पिढ्यांची मेंढरं हायेत ही. येवढं कळत व्हतं तर एक सुई तरी टोचायची की व."

माझ्या पायाखालचा माळ सरकला. नऊ दिवस उरले, आठ दिवस उरले. मी रोज येऊन त्यांच्या एडक्याचं मरण मोजत होतो, आणि झ्याक चाललंय म्हणत होतो.

बन्सीधर म्हणाला, "सायेब, रोगी जनावर मला बी नको. सपष्ट सांगा, एडका आजारी हाय का न्हाई?"

चार माणसं माझ्याकडं बघत होती. एडक्याची भीती एकीकडं आणि ही भीती एकीकडं. हिला आकडाच नव्हता.

"एडका ठणठणीत आहे," मी म्हणालो. "आजारी मी आहे. मी त्याला भितो. तो आकडा माझ्या भीतीचा होता. फेब्रुवारीत पाय घसरला नव्हता मामा, नवाबनं मला हौदात घातलं होतं."

मामांच्या लेकीनं तोंड फिरवलं. खांदे हलत होते, रडत होती की हसत होती मी बघितलं नाही.

मामांना मात्र पटेना. "मन राखायला म्हणायलाव सायेब. सरकारी मानूस मेंढराला कसा भिईल?"

कासाबाईंनी मूठभर डाळ माझ्या हातात कोंबली. "मंग जावा आत. डोस्क्याला हात लावा त्याच्या. आजारी नसंल तर नसंल."

पद्धतीप्रमाणे हात लावायला अजून तीन दिवस होते. पण फळका खाली होता आणि दहा मेंढरं दोरीत होती. मी जाळी उचलली. आत गेलो. चार दिवस गूळ खाऊन नवाब दीडपट झाला होता. तो वळला आणि त्यानं मान खाली घातली.

"म्होरनं जावा," कासाबाई हळूच म्हणाल्या. "हात दिसू द्या. मागनं कोनी आल्यालं कोनालाच आवडत न्हाई."

मी डाळ पुढं धरली. निम्मी डाळ बोटांतून खाली सांडली. नवाबनं आधी खालची खाल्ली, मग हातातली. त्याची जीभ खरबरीत आणि गरम होती. मी डावा हात त्याच्या कपाळावर ठेवला आणि सवयीनं, खरं तेच मोठ्यानं म्हणून गेलो.

"दहा."

"दहा म्हणले," मामा उठून उभे राहिले. "कासे, ऐकलं का? तीनवरून दहावर आनलं सायबांनी."

मी जाळीच्या आतून सांगत होतो, की मामा, दहा म्हणजे वाईट. कुणी ऐकायलाच तयार नाही. मामींनी मेंढरांची दोरी सोडली. बन्सीधर चिडून फळका लावून निघून गेला. मला चहा मिळाला, तो मी जाळीच्या आतच बसून प्यालो, कारण पाय उठत नव्हते. चहा संपेपर्यंत नवाब माझ्या खांद्याला पाठ घासत होता, आणि भीती कुठल्या आकड्यावर होती ते बघायचं मी विसरलो.

परवा त्या कळपाला लस टोचली. नवाबला तर मी एकट्यानं.

बाकी गावांत मात्र अडचण आहे. चारठाण्याच्या पाहुण्यांचा एडका दिसला तर परत घाम. अर्पिता म्हणाली, "पप्पा, नवा धडा तुम्ही मामांच्या माळावर शिकलात. मेंदू तो तिथंच ठेवतो. आता प्रत्येक जागी पहिल्यापासून करावं लागेल."

तेवढी मुदत नव्हती. म्हणून सध्या लसीकरणाला मी मल्हारीमामांना बरोबर नेतो. ते आत जाऊन एडका धरून जाळीपाशी आणतात, मी बाहेर सिरिंज भरत उभा. काल एका मेंढपाळानं विचारलंच, सायेब आत का येत न्हाईत?

मामांनी त्याला बाजूला घेतलं आणि फार आदरानं सांगितलं, "त्यांस्नी गरज न्हाई. आमचे सायेब जनावर लांबूनच वळखतेत."