पूर्ण वाक्यात उत्तर

सुखी संसाराचा पाया शांततेवर उभा असतो, याबद्दल सर्व विचारवंतांचे एकमत आहे. (त्यांच्या पत्नींचे मत कोणी विचारलेले नाही, त्यामुळे शांतता भंग पावली नाही.) त्या संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात हा पाया इतका भक्कम झाला होता, की नळाचा थेंबसुद्धा पडावे की न पडावे याचा विचार करून पडत होता. टेबलाच्या एका बाजूला ती बसली होती. दुसऱ्या बाजूला वर्तमानपत्र होते आणि त्यामागे, उपलब्ध पुराव्यावरून, तिचा नवरा होता. मधोमध तिने नुकताच ठेवलेला एक प्रश्न होता, आणि तो चहाबरोबर निवत चालला होता.

प्रश्न साधा होता. ती एका रुग्णालयात लोकांचे कान तपासत असे. रुग्ण तिला 'कानवाल्या बाई' म्हणत. दूरच्या शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयाने तिला आपल्या श्रवण विभागाची प्रमुख म्हणून बोलावले होते आणि होकार-नकार पुढच्या महिनाअखेरपर्यंत मागितला होता. तिला जायचेच होते असे नाही. जायचे नव्हते असेही नाही. कोणीतरी 'जा' म्हणावे किंवा 'जाऊ नकोस' म्हणावे, एवढीच तिची अपेक्षा होती. हे 'कोणीतरी' म्हणजे कोण, याबाबत मात्र तिचा हट्ट जुना होता.

"अहो, मी जाऊ का?"

वर्तमानपत्र किंचित हलले. "हं," ते म्हणाले.

येथे 'हं' या शब्दाचा परामर्श घेणे क्रमप्राप्त आहे. हा शब्द उच्चारायला ओठ उघडावे लागत नाहीत, नजर उचलावी लागत नाही आणि प्रश्न तर मुळीच ऐकावा लागत नाही. हो, नाही, ऐकले, ऐकले नाही, नंतर पाहू, आणि 'माझे हे पान संपू दे' असे त्याचे सर्वमान्य अर्थ आहेत. (नेमका कोणता अभिप्रेत आहे, असे विचारल्यास 'हं' असे उत्तर येते.) या एकाक्षरी मंत्राच्या बळावर त्या घरात आजवर पडदे बदलले होते, भिंतींचे रंग बदलले होते, मूल होऊ न देण्याचा निर्णयदेखील झाला होता. तो नेमका कोणी घेतला, हे दोघांनाही आता सांगता आले नसते.

नवऱ्याची बाजूही पाहिली पाहिजे. एका भल्यामोठ्या कार्यालयात 'चौकशी' अशी पाटी लावलेल्या खिडकीमागे तो बसत असे. दिवसभर तो अनोळखी माणसांना उत्तरे देई आणि तीही गोड शब्दांत, नकाशा काढून. घरी येईपर्यंत साठा संपलेला असे. तिने एकदा, धंद्यातल्या शंकेने, त्याचेही कान तपासले होते. बंद खोलीत यंत्र लावून बसलेल्या त्याने धुक्याइतक्या पुसट आवाजालाही बटण दाबले. इतके निर्दोष कान तिने क्वचितच पाहिले होते. म्हणजे आवाज पोहोचत होता. फक्त घरात बटण नव्हते.

तिने आईला फोन केला. आई म्हणाली, "हं म्हणतो ना? मग देवाचे आभार मान बाई. तुझे बाबा तेवढंही म्हणत नसत."

अशा पार्श्वभूमीवर पोपटाचा विषय निघाला. पक्ष्यांचे एक डॉक्टर आपल्या वडिलांचे कान दाखवायला तिच्याकडे आले होते. संकटातून सोडवलेल्या पक्ष्यांना घरे मिळवून देणाऱ्या एका संस्थेचे ते काम पाहत. बोलता बोलता त्यांनी एका पोपटाची हकिगत सांगितली. आधीच्या घरी त्याला हौसेने बोलायला शिकवले होते; तो बोलू लागला तशी मंडळींची हौस फिटली. 'कोण आलं?', 'काय करतोस?' असे तो दिवसभर विचारी आणि उत्तर येत नसे. मग तो स्वतःच्या छातीवरचे एकेक पीस उपटू लागला. सुटका झाली तेव्हा त्याचा एक पंख अधू होता आणि छाती सोललेल्या बटाट्यासारखी दिसत होती.

"बोलतं करायचं आणि मग सोडून द्यायचं," डॉक्टर हळहळले. "पोपटांच्या बाबतीत हे फार होतं."

फक्त पोपटांच्याच का, असे तिने विचारले नाही. डॉक्टरांचे वडील ताटकळले होते.

"अहो, पोपट आणू का?" तिने घरी विचारले.

"हं."

पडद्यांच्या वेळी हा होकार धरला गेला होता. तोच पायंडा तिने पोपटालाही लागू केला.

संस्थेतर्फे घर पाहायला पाहणीबाई आल्या. हातात मोजपट्टी, खांद्याला पिशवी आणि चेहऱ्यावर, ज्यांनी बरीच घरे आतून पाहिली आहेत अशा माणसांचा थकवा. त्यांनी खिडकी मोजली, पंख्याचे अंतर मोजले आणि अटी वाचून दाखवल्या. पोपट विशेष गरजांचा असल्याने त्याच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिले जाईल, आणि ते पूर्ण वाक्यात असेल. 'हं', 'हूं', 'बरं', 'बघू' आणि खाकरणे ही उत्तरे समजली जाणार नाहीत. उत्तर देताना पोपटाकडे पाहणे बंधनकारक राहील. वर्तमानपत्र दरम्यान घडी करून ठेवावे.

"पोपटपंची म्हणजे अर्थ न कळता बोलत राहणं," पाहणीबाई म्हणाल्या. "अर्थ कळून न बोलण्याला मात्र आपल्या भाषेत शब्द नाही. आमची अडचण ती आहे. साहेब, तुम्ही घरात बोलता ना?"

"हं," नवरा म्हणाला.

पाहणीबाईंनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिले आणि प्रशिक्षण वर्गाचा पत्ता दिला. (संस्थेच्या अनुभवानुसार शंभरांतल्या एक्क्याण्णव घरांना या वर्गाची गरज भासते. उरलेल्या नऊ घरांत प्रश्न विचारणे आधीच बंद झालेले असते.)

वर्ग सलग तीन शनिवार चालला. शिकवणाऱ्या ताई स्टुलावर उकिडव्या बसून म्हणत, "मी पोपट आहे. मी विचारते, काय करतोस?" समोरचा 'हं' म्हणाला की त्या मांडीवरच्या उशीतून एक पीस काढून जमिनीवर सोडत. पहिल्या शनिवारी नवऱ्याच्या खुर्चीभोवती अर्धी उशी पसरली होती. मग ताईंनी त्या पोपटाच्या छातीचा फोटो दाखवला, आणि नवऱ्याचे डोळे पाणावले. माणूस दगडाच्या काळजाचा मुळीच नव्हता. मुंगी दिसली तर तो तिला वाट देई. फक्त कोणाला काय दुखते ते त्याला उघड्यावर दिसावे लागे. माणसांना पिसे दिलेली नाहीत, ही निसर्गाची या बाबतीतली मोठीच हयगय म्हणावी लागेल.

तिसऱ्या शनिवारी तो वर्गात पहिला आला. "अहो, तुमचे मिस्टर म्हणजे रत्न आहेत," ताई तिला म्हणाल्या. "असा भरभरून बोलणारा माणूस घरात असायला भाग्य लागतं." प्रमाणपत्र बाहेरच्या खोलीत लावण्यात आले. त्यासाठी लग्नाचा फोटो थोडा बाजूला सरकवावा लागला.

पोपट आला. त्याचे नाव राघू ठेवण्यात आले, आणि घराचा जणू पुनर्जन्म झाला.

"कोण आलं?" राघू विचारी.

"दूधवाला आला होता रे राजा," नवरा वर्तमानपत्राची घडी करून, किंचित वाकून, डोळ्यांत पाहून सांगे. "उशीर झाला म्हणून मी रागावणार होतो, पण त्याचा चेहरा पाहिला आणि गप्प बसलो."

"काय करतोस?"

"बसलोय रे. गुडघा दुखतोय आज. खिडकीशी सारखं उठबस करावं लागतं ना. आणि खरं सांगू का तुला, परवा साहेब सगळ्यांसमोर ओरडले. घशाशी आलं होतं काहीतरी, ते तसंच गिळलं."

नवऱ्याचा गुडघा दुखतो, हे तिला अशा प्रकारे कळले. साहेब ओरडतात, निवृत्तीनंतरच्या दुपारींची त्याला भीती वाटते, लहानपणी तो अडखळत बोले आणि म्हणून सगळे हसत, हेही कळले. भांडी पुसता पुसता ती दाराआड थांबे आणि पोपटाला दिलेल्या उत्तरांच्या उजेडात आपल्या नवऱ्याची ओळख करून घेई. माणूस चांगला होता. आपण याच्याशी लग्न केले ते योग्यच केले, असे तिला प्रथमच वाटले. इकडे राघूच्या छातीवर, पावसाळ्याची वाट न पाहता, कोवळे हिरवे फुटू लागले.

मुदतीचा महिना सरत आला होता. ती रोज प्रश्न विचारत होती आणि तिला रोज 'हं' मिळत होता. तिच्या बाबतीत संस्थेच्या अटी लागू नव्हत्या.

आणि एके दिवशी ती हात धूत असताना बाहेरून तिचाच आवाज आला.

"मी जाऊ का?"

तोच स्वर, शेवटच्या 'का'वर तेच किंचित चढणे. कान तपासण्यात आयुष्य गेलेल्या बाईलाही दोन आवाजांत फरक सापडेना. तिचा नळ तसाच चालू राहिला.

वर्तमानपत्राची घडी झाल्याचा आवाज आला. "नाही रे सोन्या," नवरा म्हणाला. आवाज इतका मऊ, की बंद खोलीत, यंत्र लावूनच ऐकावा. "कुठं जातोस मला सोडून? तू नसलास तर हे घर मला खायला उठेल. मला बोलता येत नाही, म्हणून मला काही वाटत नाही असं समजू नकोस हं."

ती ओल्या हातांनी तशीच उभी राहिली. उत्तर मिळाले होते. पूर्ण वाक्यात, किंबहुना चार वाक्यांत मिळाले होते. शेवटी एक 'हं' आला होता खरा. पण तो चक्क दुसऱ्या जातीचा, मायेचा 'हं' होता. अडचण एकच होती, आणि ती पत्त्याची होती.

पाहणीबाई दुसऱ्या भेटीला आल्या तेव्हा तिने ही अडचण त्यांच्यासमोर मांडली. "बाई, एक विचारू? प्रश्न एकाचा असला आणि उत्तर दुसऱ्याला दिलं, तर ते उत्तर कोणाचं धरायचं?"

पाहणीबाईंनी राघूच्या छातीवरून बोट फिरवले. "ज्याची पिसं उगवली त्याचं," त्या म्हणाल्या, आणि निघताना घराला 'आदर्श' असा शेरा देऊन गेल्या.

तरीही तिने एक शेवटची संधी दिली. (कोणाला, हे तिने ठरवले नव्हते.) महिन्याच्या अखेरच्या संध्याकाळी तो पिंजऱ्याकडे पाठ करून वाचत बसला होता. ती त्याच्यामागे, पिंजऱ्याशेजारी जाऊन उभी राहिली. राघू एका पायावर झोपला होता.

"मी जाऊ का?"

वर्तमानपत्र तात्काळ खाली आले. "नाही रे माझ्या राजा," तो वळता वळता म्हणाला, "असं रोज रोज काय विचारतोस? तुझ्याशिवाय—"

तिच्याकडे लक्ष जाताच तो थांबला.

"अगं, तू होय!" तो मोकळेपणाने हसला. "मला वाटलं, राघू." आणि चुकून खर्च झालेले शब्द परत घेता येत नाहीत याची किंचित खंत चेहऱ्यावर घेऊन तो पुन्हा वर्तमानपत्रामागे गेला. तिचा प्रश्न अजून हवेतच आहे, हे कर्तव्यदक्षपणे लक्षात आल्यावर त्याने पुढे जोडले, "हं."

(पोपट आणणाऱ्याचाच पोपट होतो, अशी म्हण अद्याप रूढ नाही. ती व्हावी.)

त्याच रात्री तिने होकार कळवला. "कळवलं मी," असे घरी सांगितले. त्यावर जे म्हटले गेले, ते वाचकांना पाठ झाले असेल.

निघायचा दिवस उजाडला. ती बॅग घेऊन दारापाशी आली तेव्हा नवरा तिथे उभा होता. त्याच्या हातात वर्तमानपत्र नव्हते. हातांचे काय करावे ते त्याला कळत नव्हते. वर्गात शिकवल्याप्रमाणे तो थोडा वाकला आणि त्याने तिच्या डोळ्यांत पाहिले.

"अगं, खरंच निघालीस? परत कधी येशील? आणि... आणि राघूने विचारलं तर मी त्याला काय सांगू?"

एका दमात इतके प्रश्न त्याला त्याच्या खिडकीवरही कोणी विचारले नव्हते. तिने बॅग खाली ठेवली. उत्तर तिच्यापाशी होते. पूर्ण वाक्यात होते, कित्येक वर्षे घासून-पुसून ठेवलेले होते. पण उत्तर देण्यापूर्वी गरज तपासावी, असा संस्थेचा दंडक आहे. तिने त्याच्या छातीकडे नीट निरखून पाहिले. शर्टाला इस्त्री होती. गुंड्या जागच्या जागी होत्या. खिशाला पेन होते.

एकही पीस गळाले नव्हते.

तिने बॅग उचलली आणि ती जिना उतरू लागली.

तो पिंजऱ्याकडे वळला. "राघू," तो म्हणाला, "ती येईल ना रे परत?"

राघूने मान तिरकी केली, आपल्या नव्या हिरव्या पिसांत चोच खुपसली आणि डोळे मिटले.

"हं," तो म्हणाला.

(मघाशी, पाहणीबाईंच्या आसपास कुठेतरी, आतल्या खोलीतून तुम्हालाही काहीतरी विचारले गेले होते. तुम्ही मान वर न करता उत्तर दिलेत आणि पुढची ओळ वाचलीत. आत्ता जिन्यात पावले वाजत असतील, तर ती शेजारच्यांची समजावीत.)