तारे देतात, मिनिटं देत नाहीत

आमच्या शेजारचे डॉक्टर करंदीकर सिनेमा पाहण्याआधी त्याची केस हिस्टरी घेतात. शब्द त्यांचाच. वॉटफर्डच्या आमच्या गल्लीत ते तेरा नंबरला, मी पंधराला. मधल्या कुंपणावरून तीन आठवडे मी एकाच फ्रेंच सिनेमाची परीक्षणं ऐकत होतो. एक सीरियल किलर, त्याच्या मागावर एक थकलेला डिटेक्टिव्ह. सिनेमा आम्ही दोघांनीही पाहिलेला नव्हता.

परीक्षणं कापून ते एक्स-रेच्या जुन्या पाकिटात ठेवतात. एका समीक्षकाने पाच तारे दिले होते. दुसऱ्याने दोनच, कारण म्हणे दुसऱ्या तासात डिटेक्टिव्हच्या आधी प्रेक्षक दमतो. एका बाईंना खुनी अर्ध्यातच कळला आणि त्यांनी तो वाचकांनाही सांगून टाकला. "हिचं लायसन्स काढून घ्या," डॉक्टर म्हणाले.

मला आकडे मोकळे पडलेले बघवत नाहीत. मी बेरीज केली. एकोणीस परीक्षणं, एकसष्ट तारे, सरासरी तीनच्या किंचित वर. म्हणजे बघण्यासारखा आहे, असं मी सांगितलं.

"अरे, वॉर्डाची सरासरी काढून कुणी औषध देतं का?" ते म्हणाले. त्यांची तक्रार वेगळीच होती. "रक्त आहे, हे सगळे लिहितात. कितव्या मिनिटाला, ते एकही लिहीत नाही. तारे देतात, मिनिटं देत नाहीत."

त्यांनी थिएटरला फोन करून दुसरा खून किती वाजता होतो, असं विचारलं. पलीकडची मुलगी घाबरली असावी. तिने मॅनेजरला बोलावलं. शेवटी मँचेस्टरची भाची कामी आली. तिने सिनेमा पाहिला होता. मामासाठी ती घड्याळ घेऊन पुन्हा जाऊन बसली.

तरीही डॉक्टर जाईनात. आज गुडघा, उद्या पाऊस. गुरुवारी दुपारी शेवटचा खेळ होता, त्यानंतर सिनेमा जाणार होता. सकाळी मीच कुंपणापाशी जाऊन म्हणालो, "काका, मी येतो बरोबर. तिकीट काढू?"

"दोन काढलीत," ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी."

खुनाच्या सिनेमांचं वेड मूळ त्यांच्या बायकोचं, सुधाकाकूंचं. डॉक्टर शेजारी बसून पेंगायचे. काकूंना जाऊन दोन वर्षं झाली. जन्मभर सर्जनचा संसार केला, पण रक्त त्यांना पडद्यावरचंसुद्धा सोसत नसे. हे मला ठाऊक होतं, पण मिनिटांचा हट्ट त्यापायीच, हे त्या दिवशी थिएटरात दिवे मालवेपर्यंत लक्षात आलं नाही.

डॉक्टरांच्या हातात चिठ्ठी होती: सत्तावीस, चौसष्ट, एक्क्याण्णव. ते पडद्याकडे कमी आणि घड्याळाकडे जास्त बघत होते. सत्तावीस झाली. त्यांचा तळहात अलगद माझ्या डोळ्यांवर आला.

"मिट," ते हळूच म्हणाले.

मी मिटले. फ्रेंचमध्ये कुणीतरी किंचाळलं. मी मनात बावीसपर्यंत मोजलं.

"उघड."

मग त्यांनी हाताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हात मांडीवर ठेवला.

त्रेसष्ट मिनिटं झाली, तेव्हा मी आपणहून मान त्यांच्या बाजूला कलती केली.